‘रेस्पाइट’ला मराठीत काय म्हणायचं?

इंग्रजीत ‘रेस्पाइट’ असा एक शब्द आहे. आपल्याला तो बहुतेक वेळा मे-जूनमधल्या इंग्रजी पेपरांत भेटतो. वळवाची एखादी सर येते आणि दुसऱ्या दिवशी बातमी छापून येते की शहराला उकाड्यापासून ‘ब्रीफ रेस्पाइट’ मिळाला. मराठी पेपर तीच बातमी ‘नागरिकांना दिलासा’ म्हणून देतात. आपण वाचतो, पंखा पाचवर करतो आणि पुढे जातो.

मलाही हा शब्द तेवढाच माहीत होता. मग दोन वर्षांपूर्वी आमच्या प्रोजेक्टवर इंग्लंडमधली एक सहकारी आली. पन्नाशीची, मोजकं बोलणारी. एका सोमवारी तिने टीमच्या चॅटवर लिहिलं, ‘मॉम्स इन रेस्पाइट टिल फ्रायडे’, म्हणून या आठवड्यात ती उशिराच्या मीटिंगनाही थांबू शकेल. हिंजवडीतल्या आमच्या टेबलावर यावर चर्चा झाली. एकाचं म्हणणं पडलं की रेस्पाइट हे तिच्याकडचं एखादं समुद्रकाठचं गाव असणार. दुसऱ्याने शोधून वाचून दाखवलं. ‘रेस्पाइट केअर’ म्हणजे घरातल्या आजारी किंवा वृद्ध माणसाला सांभाळणाऱ्याला उसंत मिळावी, म्हणून काही दिवस दुसऱ्या कोणीतरी त्या माणसाला सांभाळणं. तिची आई पाच दिवसांसाठी एका केअर होममध्ये राहायला गेली होती. शुक्रवारी परत येणार होती.

बाकीचे आपापल्या स्क्रीनकडे वळले. मी मात्र त्या ‘शुक्रवारपर्यंत’वर अडकलो. कारण कराडजवळच्या आमच्या घरात माझी आई आजीला सांभाळत होती, ते तिसरं वर्ष होतं, आणि तिच्या आठवड्यात असा कुठलाच शुक्रवार नव्हता.

*

त्या रात्री मी शब्दाच्या मागे लागलो. सवयच आहे. एखादा एरर कळला नाही की त्याच्या मुळापर्यंत जायचं.

‘रिलीफ’ आणि ‘रेस्पाइट’ आपण एकाच अर्थाने वाचतो, पण त्यांची गावं वेगळी आहेत. रिलीफ आला लॅटिनमधल्या ‘रेलेव्हारे’ या क्रियापदावरून. त्याचा अर्थ वर उचलणं, हलकं करणं. डोक्यावरचा भारा हलका झाला की तो रिलीफ. रेस्पाइट मात्र जुन्या फ्रेंचमधून मागे मागे जात ‘रेस्पेक्टुस’ या लॅटिन शब्दाला जाऊन पोचतो. त्याचा अर्थ मागे वळून पाहणं. आपला ओळखीचा ‘रिस्पेक्ट’ही तिथूनच निघालेला. वळून पाहणं, मग दखल घेणं, मग त्या दखलीपोटी दिलेली मुदत, असा अर्थाचा प्रवास झाला. इंग्रजीत हा शब्द आला तेव्हा तो मुदतीसाठीच वापरला जायचा. देणं फेडायला, काम पुरं करायला वाढवून दिलेला वेळ.

म्हणजे रेस्पाइटमध्ये भारा तेवढाच राहतो. तो फक्त थोडा वेळ खाली ठेवायला मिळतो.

आपल्या पिढीला याचं एक उदाहरण चांगलं लक्षात असेल. मार्च २०२०मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलायला बँकांना परवानगी दिली, आणि नंतर ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. सगळीकडे ‘कर्जदारांना दिलासा’ असे मथळे होते. नुकत्याच इंजिनिअर झालेल्या, डोक्यावर शैक्षणिक कर्ज असलेल्या आम्ही मित्रांनी गणित मांडलं तेव्हा कळलं की व्याज चालूच आहे. हप्ता थांबला होता, कर्ज थांबलं नव्हतं. मथळ्यातला ‘दिलासा’ खरं तर रेस्पाइट होता. तरी तो निरुपयोगी होता असं म्हणवत नाही. पगार बंद असलेल्या घराला त्या काही महिन्यांत श्वास घेता आला.

शब्दाचा दुसरा पत्ता माझ्या रूममेटच्या नोट्समध्ये सापडला. तो एमपीएससी करतो. राज्यघटनेच्या कलम ७२ मध्ये राष्ट्रपतींचा आणि कलम १६१ मध्ये राज्यपालांचा दयेचा अधिकार आहे. त्यांच्या इंग्रजी मजकुरात ‘रिप्रीव्ह’ आणि ‘रेस्पाइट’ हे दोन शब्द शेजारी शेजारी आहेत. परीक्षेला हमखास विचारला जाणारा फरक असा की रिप्रीव्ह म्हणजे शिक्षेला, विशेषतः फाशीला, तात्पुरती स्थगिती, आणि रेस्पाइट म्हणजे गुन्हेगाराची विशेष स्थिती पाहून, उदाहरणार्थ अपंगत्व किंवा गर्भारपण, सौम्य शिक्षा देणं. रूममेटने हे झोपेतही म्हणता येईल इतकं पाठ केलं होतं. मला त्यातला ‘स्थिती पाहून’ हा भाग महत्त्वाचा वाटला. लॅटिनमधलं ते वळून पाहणं इतक्या शतकांनंतर, इतक्या लांबही शब्दाला चिकटून राहिलं होतं. समोरच्याची अवस्था कोणीतरी बघितल्याशिवाय रेस्पाइट मिळत नाही.

वापरायचाच असेल तर तुमच्यासाठी एवढं: ब्रिटिश लोक ‘रेस्पाइट’ म्हणतात, अमेरिकेत बहुतेकदा ‘रेस्पिट’ ऐकू येतं, जोर दोन्हीकडे पहिल्या अक्षरावर. आणि जो त्रास कायमचा संपला त्याला हा शब्द लावत नाहीत. दुखरी दाढ काढून टाकली तर रिलीफ. गोळी घेऊन रात्र निघाली तर रेस्पाइट.

*

मराठीत याला काय म्हणायचं? ‘दिलासा’ मला पटत नाही. त्यात दिल आहे. दिलासा शब्दांनीही देता येतो. फोनवर ‘काळजी घे गं’ म्हणणारे नातेवाईक आईला दिलासा देतच होते.

‘विसावा’ जवळ जातो. वारीत पालखीचा दुपारचा विसावा असतो आणि रात्रीचा मुक्काम. विसाव्यात पुढे चालायचंय हे गृहीत आहे. आमच्या गावात स्मशानाच्या वाटेवर तिरडी खाली टेकवायची एक जागा आहे, तिलाही विसावाच म्हणतात. तिथे खांदेकरी बदलतात.

‘उसंत’ चांगला शब्द आहे, पण आपण तो बहुतेक वेळा नकारासोबतच वापरतो. उसंत मिळत नाही, क्षणाची उसंत नाही. कोणाला उसंत मिळाली असं वाक्य शेवटचं कधी ऐकलं ते आठवून बघा.

माझ्या मनात घर केलं ते ‘उघडीप’ने. पाऊस सलग लागून राहतो, शेतात पाय ठेवता येत नाही, सोयाबीनमध्ये तण माजतं, आणि मग तीन-चार दिवस आभाळ उघडतं. ती उघडीप. पाऊस संपलेला नसतो आणि संपावा असंही कोणाला वाटत नसतं. पण तेवढ्या दिवसांत जमिनीला वाफसा येतो. म्हणजे मातीत ओलही राहते आणि हवाही खेळते, औजाराला चिखल धरत नाही. मग कोळपणी होते, भांगलण होते, फवारणी होते. उघडीप मिळालीच नाही तर भरपूर पाऊस होऊनही पीक पिवळं पडतं, कारण मुळांना हवा मिळत नाही. आमच्या घरात चार माणसं बसली की उघडिपीची चर्चा व्हायची. चर्चा फक्त रानाची असायची.

*

आजीला डिमेन्शिया आहे. सुरुवातीला ती डाळीत दोनदा मीठ घालायची, मग गल्ली विसरली, मग माणसं. आता ती आईला सून म्हणून ओळखत नाही. ती तिला ‘अक्का’ म्हणते. अक्का ही आजीची थोरली बहीण, जाऊन वीस वर्षं झाली. पप्पांना ती ‘मास्तर’ म्हणते आणि त्यांच्यासमोर पदर सारखा करते.

संध्याकाळ सर्वांत अवघड. दिवस कलला की तिची घालमेल सुरू होते. डॉक्टरांच्या भाषेत याला ‘सनडाउनिंग’ म्हणतात. ‘मला घरी जायचंय’ म्हणून ती दाराशी उभी राहते. ज्या घरात ती साठ वर्षं राहिली त्याच घराच्या दाराशी. रात्री तीनच्या सुमारास उठते, भांडी काढते, चूल शोधते. आई तिच्या पायाजवळ झोपते, आजीची हालचाल कळावी म्हणून स्वतःच्या मनगटाला आणि तिच्या पदराला एकच दोरी बांधून.

हे काही आमच्या एकट्याच्या घरात नाही. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाचा अंदाज असा की भारतात साठीच्या पुढच्यांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. या प्रत्येकामागे एक सांभाळणारं माणूस धरलं तर तेवढीच मोठी दुसरी रांग उभी राहते, आणि तिची मोजणी या ८८ लाखांत नाही. त्या रांगेत बायका जास्त असणार याचा अंदाज सरकारी वेळ-वापर पाहणीवरून येतो. २०१९च्या पाहणीत घरच्यांची बिनपगारी देखभाल करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटं देत होत्या, पुरुष ७६. घरकामाचा हिशोब वेगळा: बायकांची २९९ मिनिटं, पुरुषांची ९७.

अमेरिकेत १९८१मध्ये डिमेन्शियाच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी एक पुस्तक निघालं, ते अजूनही नव्या आवृत्त्यांत वाचलं जातं. त्याचं नाव ‘द थर्टी सिक्स अवर डे’. आईला मी हे नाव सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “कमी सांगितलंय.”

*

आता माझ्या कामाबद्दल. मी ज्या टीममध्ये आहे तिथे सिस्टम रात्रंदिवस चालू ठेवावी लागते. त्यासाठी ‘ऑन-कॉल’ची पाळी असते. माझ्या पाळीच्या आठवड्यात फोन उशाशी असतो. अलार्म वाजला की लॅपटॉप उघडायचा. आठवडा संपला की पुढच्याला हँडओव्हर द्यायचा आणि फोन सायलेंट करून झोपायचं.

याचं शास्त्र आहे. गूगलच्या इंजिनिअरांनी २०१६मध्ये ‘साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंग’ नावाचं पुस्तक काढलं, आमच्या क्षेत्रात ते सगळे वाचतात. त्यात म्हटलंय की एका इंजिनिअरचा पाव वेळाहून जास्त वेळ ऑन-कॉलमध्ये जाऊ नये, आणि एकाच ठिकाणच्या टीमने चोवीस तासांची जबाबदारी घ्यायची असेल तर किमान आठ माणसं हवीत. थकलेलं माणूस चुकीचे निर्णय घेतं. इथे कोणी असं म्हणत नाही की तुझं सिस्टमवर खरं प्रेम असेल तर तू एकटाच जागशील.

सर्व्हरसाठी आठ माणसं. आजीसाठी एक. ते एक माणूस तीन वर्षं सलग ऑन-कॉल होतं, आणि सगळं गाव त्याला सेवा म्हणत होतं. ‘सासूची सेवा करावी तर हिनं.’ ते म्हणणं खोटं नव्हतं. पण त्या कौतुकातच आईच्या वाटा बंद झाल्या होत्या. इतकं चांगलं म्हटल्यावर तिने ‘मला आठ दिवस नको आहे हे’ असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

इंग्लंडमध्ये २०१४च्या ‘केअर अ‍ॅक्ट’ने सांभाळणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या गरजा तपासून घेण्याचा हक्क दिला. अमेरिकेच्या २००६च्या कायद्याच्या तर नावातच हा शब्द आहे, ‘लाइफस्पॅन रेस्पाइट केअर अ‍ॅक्ट’. तिकडेही सगळ्यांना सगळं मिळतं असं नाही, पण निदान मागायला एक शब्द आहे. आपल्याकडे २००७चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. त्याचा भर मुलांनी आईवडिलांचा निर्वाह करावा यावर आहे. जो सांभाळतोय त्याच्या झोपेचं काय, हा त्याचा विषय नाही. १९९९च्या कायद्याने स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्टची ‘समर्थ’ नावाची योजना आहे, ती स्वतःला रेस्पाइट केअरच म्हणवते. पण ती ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. आजीचा आजार त्या चारांत बसत नाही. पुण्या-मुंबईत काही खाजगी केंद्रं थोड्या दिवसांसाठी रुग्ण ठेवून घेतात. त्यांचा खर्च सगळ्यांच्या आवाक्यातला नाही, आणि आजी अनोळखी खोलीत एक रात्रसुद्धा काढणार नाही हे आम्हाला माहीत होतं.

*

म्हणून आम्ही घरातच पाळी लावली. सांगलीची आत्या, पप्पा आणि मी. आत्या तयारच होती. तिला आजवर कोणी रीतसर विचारलं नव्हतं, एवढंच. आईची तयारी नव्हती.

“आणि वन्संना काय कळणार आहे, त्यांना कधी काय लागतं ते?”

हा प्रश्न मला एकदम ओळखीचा वाटला. ज्या इंजिनिअरच्या डोक्यात सगळी सिस्टम असते त्याला रजा घेता येत नाही. आमच्याकडे त्यावरचा उपाय म्हणजे रनबुक: काय झालं की काय करायचं, पायरीपायरीने लिहून ठेवायचं. दोन रविवार मी आईजवळ बसलो. ती भाजी निवडत सांगत गेली, मी टाइप करत गेलो. एकेचाळीस मुद्दे झाले. त्यातले काही:

चहात साखर नको, पण ‘साखर घातलीय’ असं म्हणून द्यायचा.

‘घरी जायचंय’ म्हणाली तर ‘हेच तुझं घर’ म्हणायचं नाही. रडते. ‘चला’ म्हणायचं, चपला घालायच्या, अंगणात दोन फेऱ्या मारायच्या आणि ‘आलं बघा घर’ म्हणून आत आणायचं.

आंघोळीला नको म्हणाली तर ‘आज बाजाराचा दिवस’ सांगायचं.

अक्का कुठाय विचारलं तर अक्का गेली असं कधीही सांगायचं नाही. दर वेळी नव्यानं कळतं तिला.

हा शेवटचा मुद्दा लिहून घेताना माझे हात थांबले. आई शेंगा सोलतच होती.

मागच्या पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, आत्या आठ दिवसांसाठी आली. रनबुकची प्रिंट फ्रिजवर लावली. मी पहिले चार दिवस घरून काम केलं. आई कराड स्टँडवरून विट्याच्या एसटीत बसली, अर्ध्या तिकिटात, मामाकडे गेली. माहेरी पहिल्या दोन रात्री ती तीनला उठून बसली. मनगट चाचपडलं, दोरी नव्हती. तिसऱ्या रात्री झोपली ती सकाळी नऊपर्यंत. मामी दोनदा येऊन श्वास बघून गेली.

इकडे सगळं सुरळीत झालं असं नाही. एका संध्याकाळी अंगणात दोनाच्या सतरा फेऱ्या झाल्या. आत्या एकदा मोरीत जाऊन रडली. दुसऱ्या दिवशी तिने रनबुकच्या खाली पेनने बेचाळिसावा मुद्दा लिहिला: जुन्या ओव्या म्हणायला लागायचं, ती शांत होते. आईला ओव्या येत नाहीत. हे आत्यालाच सापडायचं होतं.

परत आल्यावर मी आईला विचारलं, “काय केलंस आठ दिवस?”

“काही नाही रे,” ती म्हणाली. “चहा गरम असताना संपवला.”

तेवढ्यात आजीने आतून हाक मारली. “कुठं हुतीस गं अक्का इतकं दिस?”

“रानात गेलते,” आई म्हणाली. “उघडीप पडलीती न्हवं.”

*

आठ दिवसांनी आजीचा आजार हलका झाला नाही. तो वाढतोच आहे. या हिवाळ्यात तिचं बोलणं बरंच कमी झालं. आईचं दुखणारं मनगटही तसंच आहे. रिलीफच्या अर्थाने काही मिळालं नाही.

पण आता घरात एक कॅलेंडर आहे. दर तीन महिन्यांनी आठ दिवस आत्या, महिन्यातून दोन शनिवार-रविवार मी, आणि रोज संध्याकाळी सहा ते आठ पप्पा. पप्पांना सुरुवातीला जमेना. आता अंगणातल्या फेऱ्यांमध्ये आजी त्यांना मास्तर समजून पाढे म्हणून दाखवते, आणि तेही गंभीरपणे तपासतात. आभाळातल्या उघडिपीची तारीख कोणाला सांगता येत नाही. घरातली सांगता येते, आणि ती आधी माहीत असण्यातच तिची अर्धी ताकद आहे. आई आता मंगळवारी कंटाळली तर शनिवारकडे बघू शकते.

आपल्याकडे यासाठी आणखी एक शब्द आहे, तो पेपरवाल्यांनी मंत्रिमंडळाला देऊन टाकलाय: खांदेपालट. पालखी असो की तिरडी, ती जमिनीला न टेकता पुढे न्यायची तर एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जायला हवी. पुढे येणाऱ्याने आधी बाजूने चालत यायचं असतं, पावलात पाऊल मिळवायचं असतं, मग खांदा द्यायचा. तुमच्याही घरात कोणीतरी एकटं चालत असेल. त्याला ‘काळजी घे’ म्हणण्याऐवजी तारीख सांगा.

आत्या पुन्हा येणार आहे त्याच्या आदल्या दिवशी आईने मला फोन केला. रनबुकमध्ये एक बदल हवा होता. साखरेचा मुद्दा काढून टाक म्हणाली. आजीला आता चहा गोड आहे की नाही हे कळत नाही, तर सांगायचीही गरज उरली नाही. मी तो मुद्दा खोडला, नवी प्रिंट आत्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. आई तोवर मोठ्यानं एसटीचं वेळापत्रक वाचत होती.